जावयाला वीतभर नको, बोटभर द्या

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसनजवळ राहतात. लग्नानंतरची ही पहिलीच दिवाळी, म्हणून आम्ही दोघं ऑक्टोबरमध्ये तिकडे निघालोय. जावयाने तिथला शिकारीचा कोर्स पूर्ण करून परवाना काढलाय. नोव्हेंबरमध्ये तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला जाणार आहे. दिवाळसणाला त्याला हरण साफ करायची चांगली सुरी द्यावी असं मनात आहे. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला एका दुकानात साडेनऊ इंची पात्याचा सुरा पाहून ठेवलाय. पाठीला करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र, चामड्याचं म्यान, किंमत २,८०० रुपये. मी माहीमचा, मासे-मटण घरी साफ करण्यात वाढलेला, पण हरण फक्त बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पाहिलेलं. हा सुरा घेऊ का? आणि सौ. म्हणते सणासुदीला सुरी देऊ नये. तिला काय सांगू? — एक सासरे, माहीम

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तो सुरा घेऊ नका. पैसे वाचतील हे एक झालंच, पण त्याहून मोठं कारण म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही तो देताय ते काम त्याने होत नाही. उलट बिघडतं. तुमच्या जावयाला हवी आहे ती तुमच्या मधल्या बोटापेक्षा जेमतेम लांब पात्याची सुरी. तीन ते चार इंच, त्याहून जास्त नको. हे वाचून तुमचा थोडा विरस होईल, कारण भेट म्हणून तीन इंचांची सुरी ताटात फार दिसत नाही. तरीही माझं ऐका.

हे मी कशाच्या जोरावर सांगतो, तर लालबागला आमचं मटणाचं दुकान होतं. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून मी वडिलांच्या हाताखाली होतो. दुकानात हत्यारं तीन. हाडं तोडायला सत्तूर, मटण कापायला लांब सुरा आणि बकरा सोलायला एक लहान सुरी. गिऱ्हाईक सत्तुराकडे बघायचं, कारण आवाज त्याचा. पण वडील रात्री दुकान बंद करताना पुसून, तेलाचा हात फिरवून, फडक्यात गुंडाळून घरी न्यायचे ती ही लहान सुरी. रोज धार लावून लावून तिचं पातं दोन बोटं रुंदीचं होतं ते एका बोटावर आलं होतं. लाकडी मूठ चरबीने निसटते म्हणून तिच्यावर त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला होता. त्या सुरीने ते बकऱ्याचं पोट असं उघडायचे की आतली ओझरी अखंड, चेंडूसारखी, एकही ओरखडा नसलेली बाहेर यायची.

एकदा ती सुरी हाताशी नव्हती आणि मी घाईत लांब सुऱ्याने पोट उघडायला गेलो. वय सोळा. हात बाहेर आणि टोक आत सहा इंच लांब, ते कुठे चाललंय हे हाताला कळतच नाही. ओझरीला चीर गेली आणि आतला हिरवा चोथा सगळ्या मांडीवर सांडला. नळाखाली धरून धुतलं, तरी तो आंबूस वास मटणाला चिकटला तो चिकटलाच. वडिलांनी ती मांडी विकली नाही. बोलले काहीच नाहीत, पण त्या दिवसापासून पोट उघडायला कुठलं हत्यार घ्यायचं हे मला कोणी शिकवावं लागलं नाही.

आता तुमच्या जावयाकडे येऊ. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे आणि तसाच तो राहायला हवा. विस्कॉन्सिनमध्ये गोष्ट वेगळी. तिथे शेपटीखाली पांढरं असलेलं व्हाइटटेल हरीण मुबलक आहे आणि राज्य सरकारच परवाने देऊन, दिवस ठरवून शिकार करू देतं. बंदुकीचा मुख्य हंगाम फक्त नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकन सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना नाही. जावयाने ते घेतलंय, म्हणजे बंदूक आणि नियम त्याला कळतात. सुरीचं काम मात्र वर्गात बसून हातात येत नाही.

मी दोन हिवाळे धाकट्या बहिणीकडे त्याच राज्यात काढले. तिचा शेजारी जुना शिकारी. मी खाटकाचा मुलगा आहे असं कळल्यावर तो मला एका संध्याकाळी सोबत घेऊन गेला. माझ्या हाती बंदूक नव्हती, मी फक्त धरायला आणि ओढायला. नोव्हेंबरअखेर तिथे साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. बर्फात हरीण पडलेलं, ना नळ, ना टांगायला आकडा, ना दिवा. डोक्याला बांधलेली बॅटरी तेवढी. बोटं अशी गारठलेली की सुरी हातात आहे की नाही हे बघून खात्री करावी लागत होती. त्याची सुरी भगव्या मुठीची, पातं माझ्या बोटाएवढं. मला वाटलं होतं हा काहीतरी भलं मोठं काढेल.

त्याने हरणाला उताणं केलं. पोटाच्या खालच्या बाजूला कातडं चिमटीत धरून अगदी छोटी चीर दिली. मग त्या चिरेत डाव्या हाताची दोन बोटं घातली, इंग्रजी व्हीसारखी फाकवली, त्या दोन बोटांच्या मध्ये सुरी ठेवली, धार वर आभाळाकडे, आणि बोटांनी कातडं उचलत उचलत छातीच्या हाडापर्यंत नेली. टोक सतत दोन बोटांच्या आड. ओझरीला ते लागूच शकत नाही. आतून वाफ आली ती थेट चेहऱ्यावर. मग गुदद्वाराभोवती गोल कापून ते सुतळीने बांधलं, म्हणजे आतली घाण मांसावर येणार नाही. मूत्राशयाला हात लावताना तो श्वास रोखून होता. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा बरगड्यांच्या कडेने कापला, बाही खांद्यापर्यंत वर सारून हात छातीत घातला आणि श्वासनलिका कापली. ती कापताना सुरी पूर्ण आत, नजरेआड. लांब पातं असतं तर त्याने दुसऱ्या हाताची बोटंच कापली असती. मग ओढलं आणि सगळं एकत्र बर्फावर आलं. ओझरी अखंड. मला लालबागची आठवण झाली.

दहा-पंधरा मिनिटांत संपलं. ही घाई कशासाठी, तर हरणाच्या अंगात आपल्यासारखीच ऊब असते आणि वर पोकळ केसांची जाड दुलई. आतडी आत राहिली तर मांस आतल्या आत उबत राहतं आणि नासतं. पोट रिकामं करून बरगड्यांमध्ये एक काटकी आडवी लावून ठेवायची, गार हवा आत जाऊ द्यायची. मांस लवकरात लवकर चार अंश सेल्सिअसच्या खाली आलं पाहिजे.

आता तुम्ही पाहिलेला सुरा या सगळ्यात बसवून बघा. साडेनऊ इंची पातं दोन बोटांच्या आड राहील का? पाठीवरची करवत कातड्यात, आतड्यात अडकेल आणि नेमकं जे फाडायचं नाही ते फाडेल. पोकळ मूठ म्हणजे पात्याचं पोलाद मुठीत शिरलेलंच नाही, नुसतं तोंडाशी जोडलंय, जोर लावला की तिथूनच सुटणार. राहता राहिलं होकायंत्र. ते फोनमध्ये असतं.

आणखी एक, ते तुमच्या काळजीपोटी सांगतो. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा हा घरगुती, शेती, शास्त्रीय किंवा कारखान्याच्या कामासाठी बनवलेला नसेल तर शस्त्र म्हणून धरला जातो. शिवाय मुंबईत पोलिस आयुक्तालय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश काढतं, त्यात सुरे बाळगण्यावरही बंदी असते. क्रॉफर्ड मार्केटहून हा सुरा पिशवीत घालून सीएसएमटीवरून लोकलने माहीमला येताना कोणी पिशवी तपासली, तर 'जावयाच्या दिवाळसणाला' हे उत्तर पोलिसाला पटवत बसावं लागेल. दुकानदार विकतो म्हणजे बाळगायला मोकळीक आहे असं नाही.

म्हणून सुरी तिथेच घ्या. उतरल्यावर एखाद्या शनिवारी जावयाला घेऊन तिथल्या शिकारीच्या सामानाच्या दुकानात जा. सुरी ज्याच्या हातात राहायची त्याच्या हातात धरून बघितल्याशिवाय घेणं म्हणजे दुसऱ्याच्या पायाचं माप घेऊन चप्पल आणणं. दुकानात जाताना एक जाड हातमोजा नेऊन तो घालून मूठ धरायला लावा. मोज्यात नीट बसली तर गारठलेल्या हातातही बसेल.

काय बघायचं ते सांगतो. घडीची नको, एकसंध पात्याची घ्या. घडीची सुरी खिशात छान बसते. बक कंपनीची १९६४ची ११० नंबरची घडीची सुरी तर अमेरिकेत घरोघरी असते आणि मला ती दिसायला फार आवडते. पण हरणाची चरबी आणि रक्त तिच्या सांध्यात शिरतं आणि गार पाण्याने ते निघत नाही. एकसंध सुरी दोन मिनिटांत धुऊन होते.

पात्याचा आकार तिथे 'ड्रॉप पॉइंट' म्हणून मागा. पाठ हळूहळू खाली उतरत येते आणि टोक मधल्या रेषेच्या जवळ राहतं. याने आतडं चुकून टोचत नाही आणि कातडं सोलायला पात्याला खालून पुरेसं गोल पोटही मिळतं. बॉब लव्हलेस नावाच्या अमेरिकन कारागिराने हा आकार शिकाऱ्यांमध्ये रुळवला, तेव्हापासून तोच चालत आलाय. दुसरा एक आकार असतो 'क्लिप पॉइंट', त्याचं टोक वर वळलेलं आणि सुईसारखं. तो दिसतो रुबाबदार, पण नवख्या हाताला पोट उघडायला नको.

दुकानात 'गट हुक' दाखवतील. पात्याच्या पाठीला एक वाकडा आकडा, त्याने कातडं चेनसारखं उघडतं. वाईट नाही. पण केस त्यात गुंततात आणि त्या आकड्याच्या आतल्या बाजूला धार लावणं घरच्या माणसाला जमत नाही. दोन बोटांची युक्ती एकदा हातात बसली की त्याची गरज राहत नाही. पाती बदलायच्या सुऱ्याही मिळतात, सर्जनच्या चाकूसारख्या पातळ. धार विलक्षण, पण सांध्यात थोडं पिळलं की पातं मोडतं आणि अंधारात तो तुकडा मांसात शोधावा लागतो. पहिल्या हंगामाला ती नकोच.

मूठ रबराची किंवा खरखरीत प्लास्टिकची. इथे माझं मत पक्कं आहे. शिसवी, हरणाच्या शिंगाची, पितळेच्या टोप्यांची मूठ भिंतीवरच्या काचेच्या कपाटात शोभते. चरबीने माखलेल्या हातात मात्र वडिलांच्या सायकलच्या ट्यूबला तोड नाही. मुठीच्या पुढे बोट पात्यावर घसरू नये असा छोटा उंचवटा हवाच. रंग भगवा घ्या. बर्फात, पानांत, संध्याकाळच्या अंधारात काळी मूठ खाली ठेवली की गेली.

पोलाद हा विषय तासन् तास बोलण्याचा आहे, पण तुम्हाला एवढंच पुरे : स्टेनलेस घ्या. कार्बन पोलादाची धार मला मनापासून आवडते, वडिलांची सुरी कार्बनचीच होती. पण ती रोज पुसावी लागते, तेल लावावं लागतं, नाही तर रात्रीत तांबेरा धरतो. वर्षातून एक हंगाम सुरी वापरणाऱ्या माणसाला ते नको. दुकानात ४२०एचसी, सँडविक १२सी२७ अशी नावं दिसतील, ही दोन्ही साधी आणि चांगली. एस३०व्हीसारखं महाग पोलाद धार खूप टिकवतं, पण बोथट झाल्यावर घरच्या दगडावर ती परत आणणं जड जातं. नवख्याला ज्याची धार पटकन परत येते ते पोलाद बरं.

बजेट थोडं असेल तर स्वीडनच्या मोरा गावची साधी सुरी बघा. पातं चार इंचांच्या आसपास, रबरी पकड, भगव्या रंगातही मिळते. तिचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, आणि तिथले शौकीन त्यावरून नाकं मुरडतात. मुरडू द्या. या कामात आपल्याला हाड फोडायचं नाहीये. कमरेचं हाड सुरीने, वर दगड मारून फोडणारे लोक मी पाहिलेत. त्याने सुरीही जाते आणि कधी बोटही. गोल कापून बांधून ओढलं की हाड फोडायचं कामच उरत नाही.

स्टेनलेसचं दुसरं कारण जरा गंभीर आहे. विस्कॉन्सिनच्या हरणांमध्ये सीडब्ल्यूडी नावाचा मेंदूचा रोग आहे, तिथे तो २००२ साली सापडला. तो होतो प्रिऑन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे. ते उकळून मरत नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर आढळलेलं नाही, पण म्हणून निष्काळजीपणा नको. जावयाला सांगा, रबरी हातमोजे घालायचेच. मेंदू आणि पाठीच्या कण्याला सुरी लावायची नाही. हरणाची चाचणी करून घ्यायची, निकाल येईपर्यंत मांस खायचं नाही, आणि रोग निघाला तर फेकायचं. सुरी आधी साबणाने घासून मांसाचा कण न् कण काढायचा, मग ४० टक्के घरगुती ब्लीच आणि बाकी पाणी अशा मिश्रणात ५ मिनिटं ठेवून स्वच्छ पाण्याने धुवायची. चरबीचा थर राहिला तर ब्लीच त्याच्या आत पोचत नाही, म्हणून घासणं आधी. कार्बन पोलादाला असं ब्लीच दिलं तर ते गंजून जाईल, स्टेनलेस टिकतं.

धारेचं बोलतो, कारण सगळा जीव तिच्यात आहे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी सुटली की कुठे जाईल त्याचा भरवसा नाही. माझ्या हातावरचे तिन्ही जुने व्रण बोथट सुरीचे आहेत. हरणाचा राठ केस पात्याची धार फार लवकर मारतो, म्हणून कातडं नेहमी आतून बाहेर कापायचं. बाहेरून केसांवरून सुरी ओढली की दोन हातांत ती गेली.

इथे तुमच्या भेटीत मुंबईचा वाटा ठेवता येईल. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दुतर्फी दगड मिळतो, एक बाजू भरड, एक बारीक. तो घ्या, जड आहे म्हणून चेक-इन बॅगेत ठेवा, आणि जायच्या आधी तुमच्या स्वयंपाकघरातल्या सुरीवर आठ दिवस सराव करा. दगड पाण्याने भिजवायचा. पातं दगडावर आडवं ठेवून पाठ जराशी उचलायची, वीस अंशांच्या आसपास. ताठ उभी सुरी म्हणजे नव्वद, तिचा अर्धा पंचेचाळीस, त्याच्या अर्ध्याहून किंचित कमी. तो कोन शेवटपर्यंत हलू द्यायचा नाही. धारेच्या दुसऱ्या अंगाला बोटाला बारीक खरखर लागली की बाजू बदलायची. मग बारीक बाजूवर हलक्या हाताने, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर उलट दिशेने आठ-दहा वेळा. पिकलेल्या टोमॅटोवर नुसत्या वजनाने सुरी आत गेली पाहिजे, दाबायचं नाही. हे जावयाला समोर बसवून करून दाखवा. खोक्यातल्या वस्तूपेक्षा सासऱ्याच्या हातून शिकलेली धार त्याला जास्त दिवस पुरेल.

माहीमला कोळीणबाईंना पापलेट साफ करताना तुम्ही पाहिलंच असेल. पोटाला केवढी छोटी चीर देतात, आणि बाकी काम बोटांनी. पित्ताची पिशवी फुटली तर मासा कडू होतो हे त्यांना माहीत असतं. तुम्ही घरी मासे साफ करता, म्हणजे हरणाचं काम निम्मं तुम्हाला येतंच. जावयाला बाजारातून एक अख्खी कोंबडी आणून द्या आणि दोन बोटांच्या आड सुरी धरून तिचं पोट उघडायला लावा. नोव्हेंबरच्या आधी दोन-तीनदा केलं की हात बसेल.

वहिनींच्या शंकेबद्दल. सुरी हातातून हातात देऊ नये असं आमच्याही घरी होतं. आई खाली ठेवायची, मग समोरच्याने उचलायची. अनेक देशांत असं मानतात की सुरी भेट दिली तर नातं कापलं जातं, म्हणून घेणाऱ्याने बदल्यात एखादं नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट न राहता विकत घेतलेली वस्तू होते. वहिनींच्या मनाला हे पटेल असं वाटतं. पाडव्याला मुलगी ओवाळेल तेव्हा ताटात सुरी म्यानात घालूनच ठेवा, मूठ जावयाच्या बाजूला करून, आणि त्याच्याकडून एक नाणं वहिनींच्या हातात पडू द्या.